शेंदऱ्या धोंडा

मोजणीचा कागद आला तेव्हा निंबाळीच्या विहाराला अजून छप्पर नव्हतं. भिंती पुरुषभर उंच झाल्या होत्या, मूर्तीचा चौथरा घोटून गुळगुळीत झाला होता आणि वैशाखी पौर्णिमा दहा दिवसांवर आली होती. पुण्याहून मूर्ती कुणाच्या बैलगाडीतून आणायची यावरून वस्तीत दोन दिवस मोठं गोड भांडण चाललं होतं. त्या भांडणाच्या मधोमध हा कागद येऊन पडला.

बन्सीनं तो चौथऱ्यापाशी उभं राहून वाचला. विहार कमिटीचा तो अध्यक्ष. देहूरोडच्या डेपोत पेट्या उचलून उचलून त्याचे खांदे रुंद झाले होते, आणि अध्यक्ष झाल्यापासून आवाजही. यशवंतराव पाटलांनी अर्ज केला होता. विहाराची पूर्वेकडची निम्मी इमारत, चौथऱ्यासकट, आपल्या शेतात येते असं त्यांचं म्हणणं होतं. गुरुवारी सकाळी मोजणीदार येणार होते, आणि पाटलांचं खरं ठरलं तर तेवढं बांधकाम उतरवावं लागणार होतं.

"म्हंजी निम्मा बुद्ध त्यांचा आन् निम्मा आपला," कुशाबाई म्हणाली. ही बन्सीची विधवा बहीण. तिचं तोंड इतकं तिखट, की तिला माहेरी धाडल्यावर सासरच्यांनी दोन दिवस गोडधोड केलं असं ती स्वतःच सांगायची.

बाकीचे हसले, पण सारजाबाईला हसू आलं नाही. ही बन्सीची बायको. ती दाराशी बायकांच्या पाट्या गोळा करत होती, त्या तिच्या हातातच राहिल्या. छप्पर नसलं तरी विहार कधीचाच चालू झाला होता. रविवारी वंदना व्हायची. पिंपरीला औषधाच्या कारखान्यात भरती निघाली की सगळ्यांचे अर्ज इथंच बसून लिहिले जायचे. नवराबायकोचे तंटे इथं मिटायचे, आणि माघात तर चार भिंतींच्या आत, डोक्यावर उघडं आभाळ ठेवून, एक लग्नसुद्धा लागलं होतं. दुपारी भाकरतुकडा आटोपला की बावीस बायका पाटी घेऊन यायच्या, आणि माहेरी चौथी शिकलेली सारजाबाई त्यांना शिकवायची. वीस वर्षांच्या संसारात घराबाहेर तिला स्वतःची अशी ही एवढीच जागा मिळाली होती. ती आता साखळीनं मोजून कुणीतरी अर्धी करणार होतं.

"घाबरायचं काय त्यात?" बिरू म्हणाला. हा बन्सीचा धाकटा भाऊ, गवंडी. विहाराची प्रत्येक भिंत त्याच्या हातची होती आणि ती कुणी पाडायची भाषा केली की त्याच्या कानशिलावरची शीर फुगायची. "मी तालुक्याला नकाशा बघून आलोय. आपल्या हाडवळ्याची हद्द पक्की हाय. पूर्वेच्या कोपऱ्यावर खूण लिवली हाय, शेंदऱ्या दगड. सरकारी दगड असंल रंगवलेला. त्यो दावायचा, झालं."

हाडवळा म्हणजे महारकीच्या वतनातली जमीन. गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची चाकरी करून वाडवडिलांनी एवढाच काय तो तुकडा राखला होता.

"त्यो कुठाय?" कुशाबाईनं विचारलं.

"असंल की कोपऱ्यावर."

"बिऱ्या, पूर्वेच्या कोपऱ्यावर एकच शेंदराचा धोंडा व्हता. कार्तिकात पहार घिऊन त्यो कुनी उपटला?"

बिरूनं हातातली थापी खाली ठेवली.

कार्तिकात नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं घरोघरचे देव पवनेत सोडले होते. बिरूला तेवढ्यानं कुठलं समाधान? त्यानं चार गडी घेतले आणि शिवारभर फिरून, शेंदूर दिसेल तो धोंडा उपटून आणला. पुढं मार्गशीर्षात बाबासाहेब गेले. तीन दिवस वस्तीत चूल पेटली नाही आणि चौथ्या दिवशी, रडणं बाजूला ठेवून, सगळ्यांनी विहाराचा पाया खणला. तेव्हा हे धोंडे विटकरीनं घासून, शेंदूर काढून, बिरूनं पायाच्या खड्ड्यात घातले. चांगला काळा, टणक दगड. देवाचा दगड माणसांच्या कामी आला म्हणून त्यानं त्या दिवशी भाषणसुद्धा ठोकलं होतं.

"कुठं बसवलास त्यो?" बन्सीनं हळू आवाजात विचारलं.

बिरूनं चौथऱ्याकडं बोट केलं. "त्याच्याखाली. चुन्यात. आन् उपटल्याली जागा आता गावत न्हाई, तिथं पाटलाचा नांगर फिरलाय."

तेवढ्यात बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं. दारापासून दहा पावलांवर लिंबाखाली गेनबा बसला होता, बन्सी आणि बिरूचा बाप. सत्तरीचा म्हातारा, काठी घेऊन वेशीची आणि शिवेची राखण करणारा गावचा शेवटचा येसकर. विहाराला पाया लागल्यापासून तो रोज त्या लिंबाखाली येऊन बसायचा, पण उंबरा ओलांडून आत त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. दीक्षाही घेतली नव्हती. आणि त्या धोंड्यापायी सहा महिने तो बिरूशी एक शब्द बोलला नव्हता.

"अध्यक्षाला सांग," तो कुशाबाईकडं बघून म्हणाला, "का कागदावर ठराव करा आन् धोंड्याला म्हना, ये बाबा परत."

"आबा, जागा तुमाला ठाव हाय का?" बन्सी दाराशी आला.

"ठाव नसायला काय झालं? शीव माझ्या पायाला ठाव हाय. गुर्वारी येतो. घोंगडी खांद्यावर, काठी हातात, आन् म्होरं कुनी चालायचं न्हाई. शीव अशीच दावत्यात."

बन्सीचा चेहरा कठीण झाला. "काठी न्हाई, आबा. येसकरकी कुनी करायची न्हाई असा चाळीस घरांचा ठराव हाय. अंगठं उठल्यात त्याच्यावर. गुर्वारी तुमी काठी घिऊन उभं ऱ्हायला, की शुक्रवारी पाटील सांगावा धाडतील, येसकरा, बैल मेलाय, वढून ने. मग काय तोंड दावायचं?"

"काठी नसली तर मी कोन? एक बडबड्या म्हातारा. साहेब ऐकंल व्हय माझं?"

"दादा, घिऊ दे की त्यांना काठी," बिरू एकदम म्हणाला. "एक दिसाचा तर सवाल हाय."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. काठी जाळून टाका म्हणून होळीला वस्ती डोक्यावर घेणारा हाच. पण भिंती त्याच्या होत्या आणि चूकही त्याची होती. त्या दोन्हींच्या मध्ये सापडलेला माणूस कुठलाही ठराव विसरतो.

"वा रं वा!" कुशाबाई कडाडली. "तुझी चूक झाकाय आबांनी पुन्ना काठी धरायची? पडू दे भिंत, पुन्ना बांधू. पन काठी न्हाई."

"तू बांधनार हायेस भिंत?"

"बांधीन! तुझ्यापरीस सरळ बांधीन."

काल बैलगाडीच्या भांडणात हीच कुशाबाई बिरूच्या बाजूनं बन्सीवर तुटून पडली होती. या घरात कोण कुणाच्या बाजूला आहे हे सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत टिकत नसे. गेनबा उठला, धोतर झटकलं आणि कुणाकडंही न बघता निघून गेला. सारजाबाई सगळं ऐकत होती. तिला नवऱ्याचं पटत होतं आणि सासऱ्याचंही पटत होतं, आणि याचा तिला भयंकर राग आला होता.

बुधवारी दुपारी तिनं वर्गाला सुट्टी दिली. फडक्यात भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा बांधून ती लिंबाखाली गेली आणि सासऱ्यासमोर मातीतच बसली.

"मामंजी, एक इचारू? त्या धोंड्याचं तुमाला एवढं का लागलं? घरातलं देव पवनेत सोडलं तवा तर तुमी काय बोलला न्हाई."

गेनबानं भाकरीचा तुकडा मोडला. बराच वेळ चावत राहिला. दात कमी आणि राग जास्त, त्यामुळं त्याचं जेवण हल्ली लांबायचं.

"त्यो देव न्हवताच," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"माझ्या आज्याच्या वक्ताला धोंडा नागवा व्हता. निस्ती हद्दीची खूण. पाटलाचा नांगर येताजाता त्याला ढकलायचा. यंदा दोन हात, फुडल्या साली चार हात. आज्या चावडीवर गेला. त्याचं कोन ऐकतंय? मग एका अमुशाला त्यानं धोंडा हुता तिथं नेऊन बसवला, शेंदूर थापला, नारळ फोडला आन् गावात सांगितलं, देव परगटला. मग पाटलाची काय छाती हाय! नांगर आपसूक वळाय लागला. साठ वर्सं धोंडा तसूभर हलला न्हाई." त्यानं चटणीचं बोट चाटलं. "हलवला कुनी? माझ्या पोरानं."

सारजाबाईला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना. शेवटी गेनबाच्या मिशाही हलल्या.

"आन् तुमी अमुशाला त्याच्या म्होरं हात जोडायचा ते?"

"जोडून जोडून थोडा देव वाटाय लागला व्हता खरा. मानूस हाय मी."

"मग हे पोरांना का न्हाई सांगितलं?"

गेनबाचं हसू गेलं. "त्याची यळ असती. पाडव्याला काठी पोराच्या हातात द्यायची, त्याला शिवारभर फिरवायचं, आन् फिरवताना एक एक खूण कानात सांगायची. माझ्या बापानं तशीच सांगितली. गेल्या साली पाडव्याला मी बन्सीला काठी दिली, तर त्यानं चारचौघांत हात मागं घेतलं. मग कुनाला सांगू? लिंबाला?"

सारजाबाईनं पदर सारखा केला. सासऱ्याला असं बोलावं की नाही, याचा तिनं विचार केला, आणि मग विचार करायचंच सोडून दिलं.

"हात त्यांनी काठीपासनं मागं घेतलं, मामंजी. शिवंपासनं न्हाई. शीव तुमी त्यांना दिलीच न्हाई. बिरूभावजींनी धोंडा उपटला ही त्यांची चूक. पन त्यो कसला धोंडा हे त्यांना ठाव नव्हतं, ही चूक कुनाची?"

गेनबानं तिच्याकडं बघितलं. वीस वर्षांत या सुनेनं त्याच्यापुढं मान वर केली नव्हती. उरलेली भाकरी त्यानं फडक्यात गुंडाळली.

"काठीबिगर शीव द्यायची रीत न्हाई."

"मग रीत मोडा. आमी सगळ्यांनी इतकं मोडलं, तुमी एवढं मोडा."

"आन् द्यायची कुनाला? त्या दोघांना? एक म्हनतो ठराव हाय, दुसरा पहार घिऊन हिंडतो."

"मला द्या."

"बाईमानसाला?"

"का, शीव बाईला चावती?"

गेनबा उठला. घोंगडी त्यानं झटकली, खांद्यावर टाकली, आणि विहिरीच्या दिशेनं चालायला लागला. सारजाबाई बसूनच राहिली. वीसएक पावलं गेल्यावर तो मागं वळून खेकसला, "आता पालखी पाठवू काय?"

तिनं कनवटीची वही काढली. "लिवून घेती."

"वही नगं! लिवलेल्याचा कागद हुतो, आन् कागद काय, आज हितं उद्या पाटलाच्या पेटीत. पायानं पाठ कर."

विहिरीवर मोटेचं पाणी जिथं पडतं त्या दगडी थारोळ्यापासून सुरुवात झाली. तिथून उगवतीकडं तोंड. भुरकट, खडकाळ खरबीचा पट्टा लागला की तो डाव्या हाताला ठेवायचा. पुढं घायपाताची जाळी. तिच्या अल्याड जायचं नाही, पल्याडही नाही, अंगाला लावून जायचं. मग जुना ओढा. ओढा आता उरला नव्हता, एका पुरात त्यानं वाट बदलली होती, पण त्याच्या पात्रातली पांढरी वाळू अजून नांगराला लागत होती. वाळू संपली की पाठीमागं बघायचं. मावळतीला घोरावडेश्वराचा डोंगर दिसतो. सरकत सरकत असं उभं राहायचं, की विहिरीवरचं उंबर डोंगराच्या सोंडेवर बरोबर येऊन बसेल. एक पाऊल इकडं झालं तर सोंड डाव्या बाजूनं डोकावते, तिकडं झालं तर उजव्या. जिथं मुळीच डोकावत नाही, तो कोपरा.

"आन् खाली?" सारजाबाईनं विचारलं.

"दोन हात खाली कोळसा, आन् सात खापऱ्या. धोंडा चोर नेतो, कोळसा कोन नेतंय? त्यो कुजतबी न्हाई." मग तो जरा थांबला. "आता तू दाव."

ती दोनदा चुकली. तिसऱ्यांदा नाही.

"उद्या येनार ना, मामंजी?"

"उद्याचं उद्या," गेनबा म्हणाला आणि झोपडीकडं गेला. तिथं कोपऱ्यात काठी उभी होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी ऊन चढायच्या आत सगळी वस्ती विहारापाशी जमली. गावही आलं, पण ते बांधाच्या पलीकडं उभं राहिलं. मोजणीदार कोट घातलेले, घामेजलेले आणि सरळ दिसणारे गृहस्थ होते. त्यांनी नकाशा गाडीच्या साटीवर पसरला, वर चार खडे ठेवले आणि विचारलं, "शेंदऱ्या दगड कुठं आहे? साखळी तिथून धरायची."

"हा काय, साहेब." यशवंतराव पाटील पुढं झाले. फेटा, कोट, बोलण्यात तूप. विहाराच्या दक्षिणेला तीसेक हातांवर शेंदरानं माखलेला एक धोंडा उभा होता. काल दुपारपर्यंत तिथं धोतऱ्याच्या झुडपाशिवाय काही नव्हतं. तिथून उत्तरेला रेघ ओढली तर ती विहाराला मधोमध कापून जात होती. "आमच्या वाडवडलांपासून पुजतो आम्ही याला."

मोजणीदारांनी दगडावर बोट टेकवलं. बोट तांबडं झालं. "शेंदूर ओला आहे."

"अमावस्येला लावतो. श्रद्धेचा विषय आहे."

"अमुशा होऊन आठ दीस झालं, पाटील," कुशाबाई मागून म्हणाली. "तुमचा शेंदूर लईच आळशी दिसतोय वाळाय."

वस्तीत खसखस पिकली. बन्सी पुढं झाला. "साहेब, हा दगड खोटा हाय. खरा दगड..." आणि तो अडला. खरा दगड कुठं आहे हे साऱ्या गावापुढं सांगायचं म्हणजे भावाला उभं करायचं होतं.

बिरू स्वतःच पुढं आला. "खरा दगड मी उपटला, साहेब. देव समजून उपटला आन् त्या चौथऱ्याखाली घातला. चूक माझी हाय, वस्तीची न्हाई."

"प्रामाणिक आहात," मोजणीदार म्हणाले. "पण उपटलेला दगड माझ्या कामाचा नाही. जागा दाखवा. दाखवता आली नाही, तर उभा आहे तोच दगड मला धरावा लागेल."

सारजाबाईनं लिंबाकडं बघितलं. लिंबाखाली कुणी नव्हतं. बन्सी भावाच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. आपणच बोलायला हवं हे तिला कळलं आणि तिनं पदर खोचला. तोच गर्दी मागून फाटली.

गेनबा येत होता. अनवाणी, खांद्यावर घोंगडी. दोन्ही हात रिकामे होते.

दर वेळी पाटील दिसले की तो कमरेत वाकून जोहार घालायचा. आज त्यानं ताठ मानेनं "रामराम, पाटील," म्हटलं. चार माणसं चार माणसांना म्हणतात तसं.

पाटील हसले. "काय येसकर? काठी कुठं विसरलास?"

"काठी तुमच्या दारात हुबं ऱ्हायला लागायची," गेनबा म्हणाला. "हितं मी माझ्याच जमिनीत हुबा हाय."

बांधापलीकडचं गाव एकमेकांकडं बघायला लागलं. बन्सीनं डोळे पुसले आणि धूळ गेल्यासारखं केलं. बापाला आपण एवढी वर्षं ओळखलंच नव्हतं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

"चला आजोबा, दाखवा जागा," मोजणीदार म्हणाले.

"मी न्हाई. ही दावंल." गेनबानं सुनेकडं हात केला. "मी हिच्या मागनं येतो."

"बाईमाणूस?" पाटलांना खरोखर हसू आलं. "साहेब, हे काय हळदीकुंकू आहे का?"

मोजणीदारांनी कपाळ पुसलं. "जागा कोण दाखवतं याचा कायदा नाही, पाटील. जागा खरी असली म्हणजे झालं."

बन्सीचा चेहरा क्षणभर पडला. बापानं शीव दिली ती त्याला नाही, त्याच्या बायकोला दिली. थोरल्या पोराला हे लागायचंच. त्यानं एकदा बापाकडं बघितलं, एकदा सारजाबाईकडं, आणि मग तो अध्यक्षाच्या आवाजात गरजला, "वाट सोडा! म्होरं कुनी ऱ्हायचं न्हाई!"

सारजाबाई थारोळ्यावर जाऊन उभी राहिली. तोंड उगवतीला केलं. पहिली दहा पावलं तिला स्वतःचे पायच दिसत होते. मग खरबीचा पट्टा आला, तो डाव्या हाताला राहिला. घायपाताचे काटे लुगड्याला लागले, तिनं लागू दिले. पांढरी वाळू पायाखाली आली तेव्हा समोर पाटलांचा बांध होता, धोंडा गेल्यापासून सहा महिन्यांत अलीकडं सरकवलेला. ती थबकली नाही. बांध चढून ती पाटलांच्या नांगरटीत उतरली.

"ए! आमच्या रानात कुठं?" मागून कुणीतरी ओरडलं.

वाळू संपली तिथं ती वळली. मावळतीला डोंगर उन्हात धूसर झाला होता. उंबर दिसलं. सोंड डाव्या बाजूला डोकावत होती. ती एक पाऊल सरकली. अजून अर्धं. सोंड उंबरामागं गेली. तिनं उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. कुठंच काही डोकावत नव्हतं.

"हितं," ती म्हणाली.

गेनबा तिच्यामागं चार पावलांवर थांबला होता. त्याच्या तोंडावर होही नव्हतं नि नाहीही नव्हतं. तिनं त्याच्याकडं दुसऱ्यांदा बघितलं नाही.

बिरूनं कुदळ घेतली. एक हात खणलं, नुसती माती. सव्वा हात, दीड हात, माती. पाटलांनी तपकिरीची डबी काढली. बिरूचा घाम खड्ड्यात पडत होता, आणि सारजाबाईला वाटलं, जर चुकले असेन तर बावीस बायकांना मी उद्या काय सांगू? दोन हातांवर कुदळ मऊ कशात तरी घुसली आणि बाहेर आली ती काळी होऊन.

बिरूनं हात घातला आणि मूठभर कोळसा वर धरला.

"आजून खाली," गेनबा म्हणाला. "सात खापऱ्या हायेत. मोजून काढ, बिऱ्या."

सहा महिन्यांत बाप त्याच्याशी पहिल्यांदा बोलला होता. बिरू खड्ड्यात गुडघ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडत एक एक खापरी मोजायला लागला. कुशाबाईही पदर डोळ्याला लावून उभी होती, पण कुणी बघितलं की ती म्हणायची, ऊन लागलं.

मोजणीदार इकडं पाटलांचा शेंदऱ्या हलवून बघत होते. धोंड्याखाली धोतऱ्याचं चिरडलेलं हिरवं पान होतं आणि एका बिडीचं थोटूक. त्यांनी ते दोन बोटांत धरून उन्हात बघितलं. "तुमचे वाडवडील बिडी ओढत होते का, पाटील?"

पाटलांनी डबी खिशात टाकली आणि आपल्याला चावडीवर काम असल्याचं त्यांना आठवलं.

साखळी कोपऱ्यावरून धरली गेली. विहार चारही भिंतींनी हाडवळ्यात बसला, आणि पाटलांच्या बांधाआतली सहा हात जमीनही हाडवळ्याचीच निघाली. त्या सहा हातांचं नंतर बघू, असं गेनबानं साहेबांना मोठ्या मनानं सांगितलं.

"आबा," बिरू खड्ड्यातून वर आला, "चौथरा फोडून धोंडा परत आनतो. आजच."

"कशात बसवलाय म्हनालास?"

"चुन्यात."

"पक्का बसवलाय?"

"माझ्या हातचा हाय."

"मग ऱ्हाऊ दे. हितं साहेब नंबराचा दगड लावतील. आज्यानं त्याला देव केला तवा कुठं त्यो साठ वर्सं टिकला. आता त्याच्यावर बुद्ध बसतोय. कोन हलवतंय बघू."

"मग पुरनिमेला दीक्षा घेताय ना?" बन्सीनं चटकन विचारलं. अध्यक्षाला संधी दिसली की राहवत नसे.

"घाई करू नगं. एका दिसात एकच रीत मोडतो मी."

मोजणीदारांनी पंचनामा लिहायला घेतला. पाटलांच्या बाजूचे दोन, वस्तीचे दोन, असे पंच झाले. मग ते गेनबाकडं वळले. "हद्द दाखवणाराचं नाव लागेल. सांगा आजोबा."

"मी कुठं दावली?" गेनबा म्हणाला. "मी तर मागनं आलो. हिचं लिवा."

मोजणीदारांनी लेखणी दौतीत बुडवली आणि सारजाबाईला पूर्ण नाव विचारलं. आजवर सरकारी कागदावर तिचं नाव कधी कुणी विचारलं नव्हतं. तिनं ते सावकाश, बांधापलीकडच्या गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.